ओरछा गेटच्या आतले मराठी गाव : झाशीचे गणेश मंदिर आणि त्याभोवतीच्या वस्तीचा इतिहास

झाशीला पहिल्यांदा येणारा मराठी माणूस थेट किल्ल्यावर जातो. कडक बिजली तोफेला हात लावतो, राणीने जिथून घोडा उडवला असे सांगतात त्या तटावर उभा राहतो, उतरताना राणी महाल पाहतो आणि संध्याकाळची गाडी धरतो. या भेटीत त्याला राणी भेटते, पण राणीचे गाव बहुधा भेटत नाही. ते गाव किल्ल्याच्या पायथ्याशी, परकोटाच्या आत होते आणि काही प्रमाणात अजून आहे. बुंदेलीच्या मुलखात शंभरावर वर्षे तिथली कचेरी मराठीत चालली, देवघरांत मराठी आरत्या झाल्या, मोडीत जमाखर्च लिहिला गेला. हा लेख त्या गावाचा आणि त्या गावाने सांभाळलेल्या गणेश मंदिराचा आहे.

मराठी इथे फौजेबरोबर आली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण फौज गेली, गादी गेली, १८५८ मध्ये गावात जाळपोळ झाली, आणि तरीही मराठी उरली. ती कशाच्या आधाराने उरली, हे पुढच्या पिढीला कळावे यासाठी हा इतिहास लिहिला आहे.

परकोट आणि त्याचे दरवाजे

बंगरा नावाच्या टेकडीवरचा किल्ला ओरछ्याचे राजे वीरसिंहदेव बुंदेला यांनी १६१३ मध्ये बांधला. खालच्या वस्तीला तेव्हा बलवंतनगर म्हणत. पुढे वस्ती वाढली आणि मराठी अमलात तिच्याभोवती दगडी परकोट उभा राहिला. हे मोठे काम शिवरावभाऊ नेवाळकरांच्या कारकिर्दीतले. परकोटाला दरवाजे ठेवले आणि बहुतेक दरवाजांना तिथून निघणारा रस्ता जिथे जातो त्या गावाचे नाव मिळाले. दतिया, उनाव, भांडेर, बडागाव, सागर आणि ओरछा ही नावे वाचली की अठराव्या शतकातल्या बुंदेलखंडाचा नकाशाच समोर येतो. खंडेराव दरवाजाच्या नावात मराठी घरातला देव आहे. लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मीताल आणि महालक्ष्मीचे देऊळ आहे.

या सगळ्यांत ओरछा गेटचे नाते सर्वांत गुंतागुंतीचे. ज्या राज्याने किल्ला बांधला आणि ज्याच्याकडून तो मराठ्यांनी घेतला, त्याच राज्याच्या राजधानीकडे या दरवाजाचे तोंड आहे. बेतवेच्या काठचे ओरछा इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. १७८३ मध्ये ओरछ्याच्या राजांनी राजधानी टेहरीला, म्हणजे आजच्या टीकमगडला हलवली, तरी दरवाजाचे नाव बदलले नाही. आज ओरछा मध्य प्रदेशात आहे आणि झाशी उत्तर प्रदेशात. दोन राज्यांची सीमा ओलांडून रामराजाच्या दर्शनाला जाणारा रस्ता मात्र जुनाच.

नारोशंकर ते नेवाळकर

१७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाला सोडवायला थोरले बाजीराव जैतपुरावर धावून गेले. त्या उपकाराची फेड म्हणून छत्रसालाने पेशव्यांना राज्याचा तिसरा हिस्सा दिला, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. झाशी त्या वाटणीतून थेट आली नाही. ती ओरछ्याच्या ताब्यात होती. १७४२ मध्ये ओरछ्याच्या मुलखात जोतिबा शिंदे मारले गेले, त्यानंतर पेशव्यांनी नारोशंकरांना इकडे पाठवले आणि त्यांनी ओरछेकरांकडून झाशी घेतली.

नारोशंकर हे नाव नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातले. पंचवटीतले १७४७ चे नारोशंकराचे देऊळ, त्याची ती प्रचंड घंटा आणि मालेगावचा भुईकोट किल्ला ही त्यांचीच कामे. झाशीत त्यांनी किल्ला वाढवला. वाढवलेल्या भागाला शंकरगड म्हणतात. सुभेदाराबरोबर कारकून, फडणीस, भिक्षुक, वैद्य, शिलेदार, स्वयंपाकी, सोनार अशी सगळी मंडळी येते. ती आली आणि तिने घरे बांधली. झाशीच्या मराठी वस्तीचा पाया असा पडला.

१७५७ मध्ये पेशव्यांनी नारोशंकरांना परत बोलावले. त्यांच्यामागून काही सुभेदार आले आणि गेले. १७७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर सुभेदार झाले आणि कारभाराला स्थैर्य आले. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे कऱ्हाडे ब्राह्मण. तिथून ते खानदेशात आले आणि पारोळ्याची जहागीर त्यांच्याकडे आली. कोकण, खानदेश, बुंदेलखंड असा एका घराण्याचा हा प्रवास झाशीतल्या अनेक मराठी कुटुंबांचाही प्रवास आहे.

रघुनाथ हरी हे केवळ लढवय्ये सुभेदार नव्हते. १७९२ मध्ये आग्र्याहून उज्जैनकडे निघालेला विल्यम हंटर झाशीत त्यांना भेटला. या दक्षिणी सुभेदाराला इंग्रजी वाचता येते आणि ब्रिटानिका ज्ञानकोशाचे खंड त्याच्या संग्रही आहेत, हे पाहून तो चकित झाला. रघुनाथ हरींना रसायनाच्या प्रयोगांची गोडी होती. त्या काळी इंग्रजी राजवट बंगालपासून वर सरकत होती, आणि बुंदेलखंडातल्या एका मराठी वाड्यात कोणीतरी कोणाच्याही सांगण्यावाचून नव्या विद्येची पुस्तके उघडून बसले होते. झाशीच्या मराठी वस्तीची ओळख सांगताना तलवारीच्या आधी हे पुस्तक आठवावे, असे मला मनापासून वाटते.

गावाला गाव करणाऱ्या संस्था

नेवाळकरांच्या काळात चार गोष्टींनी या वस्तीला आकार दिला. पहिली कचेरी. सुभेदारीची दफ्तरे मोडी मराठीत राहत आणि पुण्याशी पत्रव्यवहार त्याच भाषेत होई. लेखणीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे मुलांना मोडी शिकवणे भागच होते.

दुसरी महालक्ष्मीचे देवस्थान. महालक्ष्मी ही नेवाळकरांची कुलदेवता. लक्ष्मीतालाच्या काठचे तिचे देऊळ रघुनाथ हरींनी बांधले आणि त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली. राणी लक्ष्मीबाई मंगळवारी आणि शुक्रवारी दर्शनाला जात, कधी पालखीतून, कधी घोड्यावरून. कोल्हापूरच्या अंबाबाईची ओढ असलेल्या घरांना बुंदेलखंडात स्वतःचे पीठ मिळाले. पती गंगाधररावांची छत्रीही याच तळ्याच्या काठी राणीने बांधली.

तिसरा पोथीखाना. वेद, त्यांची भाष्ये, शास्त्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशा ग्रंथांचा हा संग्रह नेवाळकरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. एखाद्या नव्या ग्रंथाचे नाव कानावर आले की त्याची नक्कल करून आणण्याची व्यवस्था होती, आणि काशीच्या पंडितांनाही काही ग्रंथांसाठी झाशीकडे पाहावे लागे, असे १८५८ ची झाशी प्रत्यक्ष पाहिलेले विष्णुभट गोडसे सांगतात. पोथ्या लाकडी फळ्यांत बांधून रेशमी वस्त्रांत गुंडाळलेल्या असत.

चौथी नाटकशाळा. गंगाधरराव स्वतः नाटकाचे शौकीन होते आणि वेष घेऊन रंगमंचावर उभे राहत. त्यांच्यावर टीका करणारे तेव्हाही होते. पण विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये सीतास्वयंवर रंगवले, त्याच सुमाराला झाशीचा एक राजा आपल्या पैशाने नटनटींना पोसत होता, हे मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे असे आहे.

या चारही संस्था राजाश्रयावर उभ्या होत्या. राजाश्रय गेला की त्यांचे काय होते, हे पुढच्या काळाने दाखवले. पाचवी संस्था मात्र लोकांच्या हातची होती.

गणेश मंदिर

जुन्या शहरात, किल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गणेश मंदिर आहे. पेशवाईच्या काळात जिथे जिथे मराठी वस्ती गेली, तिथे तिथे गणपती गेला. ग्वाल्हेर, इंदूर, सागर, वडोदे, तंजावर, कुठेही पाहा, मराठी आळी शोधायची तर गणपतीचे देऊळ विचारावे. झाशीतही तसेच घडले.

या मंदिराचे नाव सगळ्या देशात पोहोचले ते १८४२ मधल्या लग्नामुळे. बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका हिचा विवाह गंगाधररावांशी झाला, तो याच मंदिरात, असे झाशीची परंपरा सांगते. सासरी आल्यावर तिचे नाव लक्ष्मी ठेवले. त्यामुळे इथे येणारा प्रत्येक मराठी प्रवासी मंडपात क्षणभर उभा राहतो. स्थानिक लोकांच्या मनातही देवाइतकाच त्या लग्नाचा मान आहे.

पण मंदिराचे खरे काम लग्नाच्या आधी आणि नंतर, रोजच्या रोज चालत आले. भाद्रपदातला उत्सव, संकष्टी, सामुदायिक आरती, हळदीकुंकू, कीर्तन, घरच्या मुंजी आणि लग्ने. नवीन बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिली ओळख इथे मिळते. घरात हिंदी बोलू लागलेल्या नातवंडांच्या तोंडात मराठी आरती बसते तीही इथेच. झाशीच्या मराठी समाजाने या मंदिराची व्यवस्था स्वतःकडे ठेवली. सरकार बदलले, राजधानी बदलली, पण देवाची पूजा आणि हिशेबाची वही समाजाच्याच हातात राहिली. या संस्थेच्या दीर्घायुष्याचे मर्म यातच आहे.

संस्थान खालसा होते

१८०४ मध्ये शिवरावभाऊंनी इंग्रजांशी तह केला. जून १८१७ च्या पुणे करारात दुसऱ्या बाजीरावांनी बुंदेलखंडातले आपले हक्क कंपनीला देऊन टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने रामचंद्रराव नेवाळकरांशी नवा तह करून झाशीचा मुलूख वंशपरंपरेने मान्य केला. कागदावर नेवाळकरांचा फायदा झाला. १८३२ मध्ये रामचंद्ररावांना राजा हा किताबही मिळाला. पण पुण्याशी असलेली नाळ तुटली. इथून पुढे झाशीची मराठी वस्ती आपल्या मायभूमीच्या सत्तेपासून वेगळी, चहूबाजूंनी कंपनीच्या आणि बुंदेल्या राजांच्या मुलखाने वेढलेली राहिली.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतले होते. डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. राणी किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात आल्या. नोकरी गेलेली घरे किती असतील याची कल्पना करावी. कचेरीतली मराठी एका हुकमाने संपली. महालक्ष्मीला लावून दिलेली गावेही कंपनीने काढून घेतली. राणीने ज्या तक्रारी वारंवार मांडल्या, त्यांत ही एक होती. देवस्थानाची गावे गेल्याने नंदादीपाचे तेल, पुजाऱ्याचे वेतन आणि अन्नछत्र यांचा प्रश्न उभा राहिला, आणि राजाश्रयावरच्या संस्था किती झटकन उघड्या पडतात हे सगळ्या गावाने पाहिले.

ओरछा गेटवर

जून १८५७ मध्ये झाशीत उठाव झाला आणि राज्यकारभार राणीकडे आला. पावसाळ्यानंतर ओरछ्याचा दिवाण नथेखान फौज घेऊन झाशीवर चालून आला. परकोटाचे दरवाजे बंद झाले, बुरुजांवर तोफा चढल्या आणि नथेखानाला मागे फिरावे लागले. जुन्या शेजाऱ्याचे जुने वैर त्या दिवसांत ओरछ्याच्या वाटेने पुन्हा दाराशी आले होते.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजची फौज आली. वेढा पडला तेव्हा चैत्र सुरू होता, शके १७८०. वाड्यातल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे वर्णन गोडसे भटजींनी केले आहे. शहरातल्या सर्व जातींच्या बायका त्यासाठी वाड्यावर आल्या होत्या. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला पहाटे इंग्रजांनी परकोटावर हल्ला केला.

ओरछा गेटची आठवण लोक आजही सांगतात ती याच दिवसाची. दुल्हाजू नावाच्या सरदाराने फितुरीने हा दरवाजा उघडला, अशी कथा बुंदेलखंडात घरोघर आहे. १९४६ मध्ये आलेल्या वृंदावनलाल वर्मांच्या कादंबरीने ती देशभर नेली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वृत्तांतांत मात्र तटाला पडलेले खिंडार आणि दक्षिणेकडच्या तटाला लावलेल्या शिड्या आहेत. शिड्या चढताना त्यांचे अधिकारी मारले गेल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. लोककथेत पराभवाची वेदना जपली आहे. लष्करी वृत्तांतातून कळते की तटावरच्या माणसांनी अखेरपर्यंत लढा दिला. त्या माणसांत मराठी होते, बुंदेले होते, पठाण होते, विलायती म्हणवणारे अफगाण होते. तोफांवर गुलाम गौसखान होते. त्यांची आणि त्यांच्याबरोबर लढलेल्या खुदाबक्ष व मोतीबाई यांची समाधी किल्ल्यात एकाच जागी आहे.

त्यानंतर गावात जे झाले ते विष्णुभटांनी पाहिले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक मथुरेतल्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला काकांबरोबर निघाला होता आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. त्यांनी लपून दिवस काढले. हलवाईपुऱ्याला लावलेली आग, गल्ल्यांतली कत्तल, दिवसामागून दिवस चाललेली लूट त्यांनी लिहिली आहे. आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडेलत्ते, अखेर धान्य. मारल्या गेलेल्यांचा इंग्रजांच्या बाजूचाच आकडा पाच हजारांच्या घरातला आहे. राणी त्याच दिवसांत रात्री किल्ल्याबाहेर पडल्या. मोरोपंत तांबे पकडले गेले आणि त्यांना फाशी झाली.

पोथीखानाही त्यातच गेला. पोथ्यांवरची रेशमी वस्त्रे काढून घेतली, ग्रंथ फेकून दिले. नेवाळकरांच्या तीन-चार पिढ्यांनी जमवलेली विद्या काही दिवसांत नाहीशी झाली. गोडसे भटजींनी पोरक्या झालेल्या या ग्रंथांसाठी जो शोक केला आहे, तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. चिंतामणराव वैद्यांनी 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध केला आणि दत्तो वामन पोतदारांनी पुढे त्याची मुळाबरहुकूम आवृत्ती काढली, म्हणून झाशीच्या मराठी गावाचे हे एकमेव आतून लिहिलेले चित्र आपल्या हाती उरले. त्याआधी १८९४ मध्ये दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी राणीचे पहिले साधार चरित्र मराठीतच लिहिले होते.

शिंद्यांची झाशी, रेल्वेची झाशी

यानंतरचा एक तपशील झाशीबाहेर फारसा कोणाला माहीत नसतो. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशीचे शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला. जिल्ह्याचा कारभार त्यांनी शेजारच्या नौआबादेतून चालवला. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन त्याच्या बदल्यात झाशी इंग्रजांनी पुन्हा घेतली. म्हणजे राणीच्या बलिदानानंतर पाव शतक झाशी एका मराठी संस्थानात होती. जळालेल्या गल्ल्यांत मराठी घरांना पुन्हा बस्तान बसवायला हा काळ उपयोगी पडला. ग्वाल्हेरशी सोयरीक, नोकरी आणि शिक्षण यांचे जे धागे जुळले, ते अजून तुटलेले नाहीत.

१८८९ च्या सुमारास इंडियन मिडलँड रेल्वे झाशीला पोहोचली, पाठोपाठ मोठा कारखाना आला आणि १९०० मध्ये ही रेल्वे मुंबईच्या जीआयपी कंपनीत विलीन झाली. त्या दिवसापासून झाशीचा वरिष्ठ साहेब बोरीबंदरात बसू लागला. भुसावळ, नागपूर, मुंबई इथून बदलीवर येणारी मराठी कुटुंबे रेल्वे कॉलनीत राहू लागली. स्वातंत्र्यानंतर मध्य रेल्वेतही हेच चालू राहिले. २००३ मध्ये झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मुंबईशी असलेला कारभाराचा संबंध संपला. एका शतकात मराठी वस्तीचे दोन थर झाले होते : परकोटाच्या आतली सुभेदारीच्या काळापासूनची जुनी घरे आणि परकोटाबाहेरची रेल्वेची नवी घरे. एकांचे बोलणे बुंदेलीच्या वळणाचे, दुसऱ्यांचे वऱ्हाड-खानदेशाच्या. या दोघांना एका पंगतीला बसवले ते गणेश मंदिराने. राज्य किंवा कंपनी यांपैकी कोणालाच हे साधणार नव्हते.

झाशीकर म्हणून

विसाव्या शतकात झाशीच्या मराठी माणसांनी स्वतःला वेगळे बेट मानले नाही. विश्वनाथ गंगाधर वैशंपायन आणि सदाशिवराव मलकापूरकर हे चंद्रशेखर आझादांचे जिवलग सहकारी. भुसावळ स्टेशनवर १९२९ मध्ये मलकापूरकर आणि भगवानदास माहौर पकडले गेले. फेब्रुवारी १९३० मध्ये जळगावच्या न्यायालयात माहौरांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. खटला खानदेशात, आरोपी झाशीचे. नेवाळकर ज्या मुलखातून आले, तिथेच झाशीचे हे तरुण न्यायालयात उभे होते. पुढे आझादांच्या आई जगरानीदेवींना मलकापूरकरांनी झाशीला आणले आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मुलाच्या मायेने सांभाळले. वैशंपायनांनी आझादांचे चरित्र हिंदीत लिहिले.

रघुनाथ विनायक धुळेकर झाशीचे वकील, घटना समितीचे सदस्य, पुढे पहिल्या लोकसभेत झाशीचे खासदार आणि उत्तर प्रदेश विधानपरिषदेचे सभापती. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीच्या पहिल्याच दिवसांत कामकाज हिंदुस्थानीत व्हावे असा आग्रह त्यांनी इतक्या जोराने धरला की सभागृहात खळबळ उडाली. शेजारच्या गुरसरायच्या खेर घराण्यातले आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. घरी मराठी आणि सार्वजनिक जीवनात हिंदी, ही वाटणी या पिढीने मनापासून केली. तिचा अभिमान वाटतो. पण तिची किंमतही होती. पुढच्या पिढीत घरातली मराठी पातळ होत गेली, आणि मोडी तर आजोबांबरोबरच गेली.

दूरच्या दोन गावांकडून

भाषेचे असे एकाकी गाव जगात इतरत्रही आहे. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला दिले आणि टोर्ने नदीवर सीमा आखली गेली. नदीच्या पश्चिमेची फिनिश बोलणारी गावे एका रात्रीत आपल्या भाषिकांपासून वेगळी पडली. टोर्निओ हे व्यापाराचे गाव पलीकडे गेले म्हणून स्वीडनने अलीकडे हापारांडा वसवले. पुढे शाळांतून फिनिश हद्दपार झाली. भाषा टिकली ती घरांत आणि लेस्टाडियस या धर्मोपदेशकाच्या अनुयायांच्या प्रार्थनासभांत, कारण तिथले प्रवचन फिनिशमध्येच होई. २००० मध्ये स्वीडनने त्या बोलीला, मेअन्किएलीला, अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यता दिली. टोर्नेच्या काठी १८०९ मध्ये जे झाले, ते झाशीत १८१७ च्या करारांनी झाले. आणि तिथे प्रार्थनासभेने जे केले, ते इथे गणेश मंदिराने केले. कचेरी आणि शाळा हातची गेली तरी ज्या ठिकाणी देवाशी आपल्या भाषेत बोलता येते, तिथे भाषा श्वास घेत राहते.

दुसरे गाव आपलेच, तंजावर. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला आणि सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये संपले, पण ग्रंथालय वाचले आणि १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. म्हणून तंजावरच्या मराठीवर आज संशोधन होऊ शकते. झाशीचा पोथीखाना लुटीत नाहीसा झाला, आणि झाशीची मराठी विस्मरणात गेली. एकाच काळातली, एकाच भाषेची दोन गावे. फरक पडला तो कागद वाचण्यात आणि न वाचण्यात.

पुढचे काम

या इतिहासातून मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. राजाने उभी केलेली संस्था बहुधा राजाबरोबर जाते. लोक रोज वापरतात आणि स्वतःच्या वर्गणीवर चालवतात ती संस्था राहते. गणेश मंदिर राहिले, कारण ते कधीही केवळ स्मारक झाले नाही. त्याच न्यायाने आता पुढचे काम ठरवायला हवे.

जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून मोडीतले जमाखर्च, इनामाची कागदपत्रे, कुलवृत्तांत, लग्नाच्या याद्या, काशी-प्रयागच्या पंड्यांच्या वह्यांतल्या नोंदींच्या नकला, पत्रे आणि छायाचित्रे आहेत. दर मोठ्या दुरुस्तीत त्यातले काही रद्दीत जाते. मंदिराच्या जुन्या हिशेबवह्या आणि उत्सवांच्या पत्रिका या सगळ्यांत मोलाच्या, कारण कोणते घर केव्हा आले आणि कोणते केव्हा गेले, हे त्यातून कळते. हे सर्व मालकाच्या घरीच ठेवून त्याची छायाचित्रे काढावीत, यादी करावी आणि एक प्रत मंदिरात, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी द्यावी. सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्यांच्या मराठीत मिसळलेली बुंदेली हा दोष मानू नये, तीच झाशीच्या मराठीची खूण आहे. गणेशोत्सवात मुलांसाठी मोडीचा वर्ग चालवावा आणि ओरछा गेटपासून महालक्ष्मीपर्यंत परकोटाच्या वाटेने त्यांना एकदा तरी चालवत न्यावे, म्हणजे राणीच्या आधीचे आणि नंतरचे गावही त्यांच्या ओळखीचे होईल.

पोथीखाना पुन्हा उभा करता येणार नाही. त्याच्यानंतरच्या दीडशे वर्षांचे कागद मात्र अजून आपल्या हातात आहेत. ते एकत्र करण्याचे काम याच वर्षी सुरू करावे आणि त्यात परकोटाच्या आतल्या व बाहेरच्या प्रत्येक मराठी घराने आपला वाटा उचलावा, ही या स्मरणिकेच्या निमित्ताने कळकळीची विनंती.